तीन फुल्या

मराठी वर्तमानपत्रात फुल्या दिसल्या की वाचक शिवी समजतो. छापता न येणारा शब्द असला तर पहिले अक्षर ठेवायचे आणि पुढे फुल्या टाकायच्या, ही जुनी पद्धत. त्यामुळे मी ज्या दैनिकाच्या क्रीडा विभागात उपसंपादक होतो तिथे एक न लिहिलेला नियम होता. निकालाच्या तक्त्यात फुली आली तर तिच्या जागी शब्द घालायचा. कोणता, ते ज्याच्या हातात मजकूर असेल त्याने ठरवायचे. दोन हजारच्या दशकात एका संध्याकाळी मी असा एक शब्द घातला. तो चुकीचा होता.

ज्या खेळाडूच्या नावापुढे तो छापून आला ती नवघरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आईबरोबर राहत होती. माणसे रत्नागिरीकडची. लहानपणी पोलिओ झाल्याने तिचा डावा पाय कामाचा नव्हता. ती पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर लावून चालायची आणि मुंबईत एका सरकारी कार्यालयात लिपिक होती. तिशीच्या आसपास आली तेव्हा ती बसून गोळाफेक करू लागली. या प्रकारात खुर्ची जमिनीला घट्ट बांधलेली असते आणि खेळाडू खुर्चीला. गोळा हातातून सुटेपर्यंत बसलेलेच राहायचे. कंबर जराशी उचलली गेली तरी फेक बाद.

तिची खुर्ची जवळच्या राई गावातल्या एका वेल्डरने बनवली होती. ते गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करत. शेडच्या मागे थोडी मोकळी जागा होती, तिथे दर रविवारी सकाळी ती रिक्षाने जाऊन सराव करायची. मी दोनदा पाहायला गेलो होतो. तिच्याबद्दल मात्र कधी काही लिहिले नव्हते. शेजाऱ्याची बातमी करू नये, असा माझा एक संकेत होता.

त्या वर्षी अपंग खेळाडूंच्या एका आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघ परदेशी गेला आणि संघात तिची निवड झाली. इमारतीच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावरची पाणीकपातीची सूचना बाजूला सरकवून तिच्या निवडीची ओळ लावली. आम्ही रोज एक कॉलम देत होतो, ‘भारतीय संघाची कामगिरी’ असा. पदक आले तर नाव ठळक, बाकीच्यांची एकेक ओळ. सेक्रेटरी रोज तो कॉलम कापून बोर्डावर टाचत.

चौथ्या दिवशी स्पर्धेहून आलेल्या निकालांच्या फॅक्समध्ये तिचा निकाल होता. नावापुढे तीन फुल्या आणि शेवटी ‘एनएम’ ही अक्षरे. आदल्या दिवशी एक जलतरणपटू पाण्यात उतरलाच नव्हता. त्याच्यापुढे अशीच काही अक्षरे आली होती आणि मुख्य उपसंपादकांना विचारून मी तिथे ‘माघार’ लिहिले होते. ही अक्षरे वेगळी आहेत हे मला दिसत होते. त्यांचा अर्थ मी कुणालाही विचारला नाही. पान छपाईला सोडायला फार वेळ नव्हता. फुल्या काढल्या आणि लिहिले, ‘गोळाफेक (महिला) : माघार’. आजारी पडली असावी, असे वाटून गेले.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कात्रण लागले नाही. पाणीकपातीची सूचना मधोमध आली होती. जिन्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई कुणाला तरी सांगत होत्या, “घबरा गयी होगी बेचारी. इतना दूर अकेले.”

तिची आई दारात उभी होती. “भाऊ, तुमच्या पेपरात ते माघार काय आलंय?”

“निकालात तसंच होतं,” मी म्हणालो.

“बरी आहे ना पण ती?”

“असेल बरी. तसं काही आलं असतं तर कळलं असतं.”

पहिले वाक्य मी अगदी ठामपणे म्हणालो होतो. ते पुढे बरेच दिवस आठवत राहिले.

संघ परतल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती आमच्या मजल्यावर आली. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि एरवी काही काम असले की ती खालून हाक मारायची. हातात पिशवी होती. खुर्चीवर बसून तिने कॅलिपरचा चाप सोडला आणि विचारले, “काका, मी माघार घेतली हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी फॅक्सबद्दल सांगितले. तीन फुल्या होत्या, हेही सांगितले.

“तीन फुल्या म्हणजे तीन फेका. मी तीनदा टाकला गोळा. तिन्ही वेळा झेंडा लाल, बाद. एनएम म्हणजे ‘नो मार्क’, एकही फेक धरली नाही.”

“का?”

“उठले.”

तो शब्द उच्चारून ती थोडी हसली. “डॉक्टर, आई, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी जन्मभर सांगितलं, हिला उठता येत नाही. तिथं नेमका उठल्याचा कागदावर पुरावा मिळाला.”

झाले होते असे. खुर्चीच्या उंचीला मर्यादा असते आणि त्यात वरची उशीही धरतात. राईच्या वेल्डरकाकांनी माप काठोकाठ घेतले होते, पण नुसत्या लोखंडाचे. नियम इंग्रजीत होते. सराव पाहायला गेलो तेव्हा मीही ते चाळले होते, पण उशीची ओळ आमच्यापैकी कुणीच वाचली नव्हती. तिथल्या पंचांनी उशीसकट माप घेतले आणि उशी काढायला लावली. ती चार बोटे खाली बसली. शरीराला मात्र जुन्या उंचीची सवय होती, त्यामुळे प्रत्येक फेकीला कंबर वर आली.

मग तिने संघाबद्दल सांगितले. आंधळा धावपटू आणि त्याच्या मनगटाला दोरीने बांधलेला सोबती रात्रीच्या जेवणालाही चुकून तशीच दोरी बांधून आले होते. त्या जोडीचा चौथा नंबर आला तेव्हा ओरडून ओरडून अख्ख्या संघाचा घसा बसायची वेळ आली होती. “तुम्ही त्याला ‘अपयश’ लिहिलंत,” ती म्हणाली. “आईनं सगळी कात्रणं ठेवलीत. वाचली मी.”

तिने पिशवीतून एक कागद काढला. तिच्या कार्यालयाचा मेमो होता. स्पर्धेसाठी तिला विशेष रजा दिली होती. साहेबांनी आमचा कॉलम वाचला होता. खेळाडूने माघार घेतली असल्यास ही रजा विशेष कशी धरावी, आणि पुढच्या निवड शिबिराला जाण्याची परवानगी का द्यावी, याचा आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. संघाचा अधिकृत अहवाल यायला काही महिने लागणार होते.

“रजेचं जाऊ दे,” ती म्हणाली. “शिबिर गेलं तर दोन वर्षं गेली. आणि साहेबांना माझं खरं वाटत नाही, छापलेलं वाटतं.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लवकर गेलो. वापरून झालेला किंवा टाकलेला मजकूर आमच्याकडे टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवायची रीत होती. खिळा भरला की गठ्ठा माळ्यावर जाई. तिचा निकाल दुसऱ्या गठ्ठ्यात सापडला. फॅक्सचा कागद पिवळट पडू लागला होता आणि मधोमध खिळ्याचे भोक होते. ते तिच्या नावाच्या एक ओळ वरून गेले होते. फुल्या शाबूत होत्या.

मुख्य उपसंपादकांनी कागद उजेडात धरला. “एक कॉलम कोण वाचतं रे?”

“तिचे साहेब.”

“एका शब्दासाठी शुद्धिपत्र द्यायचं म्हटलं तर रोज अर्धं पान लागेल आपल्याला.”

“शब्द माझा आहे.”

“म्हणून तर म्हणतोय. शुद्धिपत्रात तुझं नाव येत नाही, पेपरचं येतं.” तरी त्यांनी कागद परत दिला. “तीन ओळी. आणि फुल्या घालू नकोस. वाचकांचे फोन येतील, कुणी कुणाला शिवी दिली म्हणून.”

तीन ओळी लिहायला मला त्या दिवशीच्या अख्ख्या पानापेक्षा जास्त वेळ लागला. मी मसुदा केला. त्यात फेका ‘तांत्रिक कारणामुळे’ ग्राह्य धरल्या गेल्या नाहीत, असे होते. हा शब्द आम्ही नेहमी वापरत असू. त्याने कुणाचे काही बिघडत नाही, असे वाटायचे. संध्याकाळी फोनवर तिला वाचून दाखवला.

“तांत्रिक म्हणजे?” तिने विचारले.

“म्हणजे तुझी चूक दिसत नाही.”

“मग कुणाची दिसते? खुर्चीची. राईत लगेच म्हणतील, ह्यानं खुर्ची वाकडी केली, पोरीचा खेळ गेला. गेटं करून खातात ते, काका.”

“उशीचं माप तर त्यांच्याकडूनच राहिलं.”

“माझ्याकडूनही राहिलं. तुमच्याकडूनही. तुम्हाला तर इंग्रजी येतं. तीनदा टाकला, तीनदा उठले, असं लिहा.”

“लोक म्हणतील, तिन्ही वेळा चुकली.”

“चुकलेच की. पण चुकायला तिथं होते ना मी.”

शुद्धिपत्र आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली आले. भारतीय खेळाडूने माघार घेतली, असे चुकीने प्रसिद्ध झाले होते. प्रत्यक्षात त्यांनी तिन्ही फेका केल्या. फेकताना आसनावरून उठल्यामुळे त्या बाद ठरल्या. शेवटी दिलगिरीचे ठरलेले वाक्य. सेक्रेटरींनी ते कापून नोटीस बोर्डावर लावले, पाणीकपातीच्या वर. जिन्यातल्या बाईंनी ते मुलाकडून वाचून घेतले आणि तिच्या आईला म्हणाल्या, “तीनों बार? अरे बाप रे.” आई म्हणाली, “हो, तिन्ही वेळा.” आवाज तसा चढाच होता.

तिने शुद्धिपत्राचे कात्रण आणि भोक पडलेल्या फॅक्सची प्रत खुलाशाला जोडली. आठवड्याने कागद परत आला. रजा विशेष धरली होती. शिबिराची परवानगीही होती, पण खाली साहेबांनी हाताने शेरा लिहिला होता : यापुढे वृत्तपत्रीय कात्रण पुरावा म्हणून जोडू नये. तो शेरा तिने मला मुद्दाम वर येऊन दाखवला.

त्यानंतरच्या रविवारी मी तिच्याबरोबर राईला गेलो. वेल्डरकाकांनी खुर्ची उलटी करून पाय कापले होते आणि आता ते उशी घालून टेपने उंची मोजत होते.

“आता बरोबर हाय,” ते म्हणाले. “उशी धरून हाय. पन पोरी, तू उठलीस तर त्याला माझी खुर्ची काय करंल?”

“पट्टा अजून आवळा.”

“आवळून न्हाय भागायचं. तुला कळतंय का कधी उठतेस ती?”

तिला कळत नव्हते. गोळा सुटताना सगळे लक्ष हाताकडे असते. बाजूने पाहणाऱ्यालाही नीट दिसत नाही, कारण अंतर एका बोटाचे असते. वेल्डरकाका मला म्हणाले, “पेपरवाले, पेपर हाय का?”

माझ्या पिशवीत त्या दिवशीचा आमचाच अंक होता. त्यांनी त्याची लांब पट्टी फाडली, तिच्या मांडीखाली सरकवली आणि मागे आलेले टोक माझ्या हातात दिले. ती फेकेल तेव्हा मी ओढायचे. पट्टी अख्खी सुटून आली तर ती उठली.

मी खुर्चीच्या मागे उकिडवा बसलो. पहिल्या फेकीला पट्टी अलगद हातात आली. “उठलीस,” मी म्हणालो. दुसऱ्या फेकीला तेच. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळीही तेच झाले. प्रत्येक वेळी वेल्डरकाका नवी पट्टी फाडून द्यायचे. क्रीडा पान संपले, अग्रलेख संपला. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती माझ्याकडे वळून पाहत नव्हती.

मला वाटते अकरावी फेक असेल. गोळा गेला, मी ओढले. पट्टी ताणली गेली आणि मधूनच फाटली. हातात वीतभर कागद उरला. बाकीचा तिच्याखाली होता.

“काय झालं?” तिने विचारले.

“फाटला.”

“नक्की? नीट बघून सांगा.”

मी वाकून पाहिले. फाटकी कड खुर्ची आणि तिच्यामध्ये दबून होती. बोटाने ओढून पाहिली. निघाली नाही.

“नक्की,” मी म्हणालो. “बसलेली होतीस.”