कानडीतला अर्धा तास

ते प्रकरण मिटून बराच काळ झाला, मी निवृत्तही झालो, पण ती फाइल माझ्या डोक्यातून काही निघत नाही.

तेव्हा मी सोलापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या कॉलेजात विद्यार्थी स्वतः चालवत असलेलं रेडिओ केंद्र होतं. अपघातात सापडलेल्या एका वर्गमैत्रिणीच्या ऑपरेशनसाठी पोरांनी दिवसभर मदतीचं आवाहन केलं. मराठी, तेलुगू आणि कानडीतून. पैसे कोणत्या नंबरवर पाठवायचे ते सांगायचं आणि देणाऱ्याचं नाव लगेच वाचायचं, अशी पद्धत ठेवली होती.

दोन दिवसांनी एक म्हातारी ठाण्यात आली. मूळची वळसंगची, शेळ्या राखणारी, आता शहराबाहेर लेकीकडे राहायची.

"करडू इकून पाचशे रुपये दिले साहेब, दुकानदाराच्या फोनवरनं. पर मालकाचं नाव काय घेतलं न्हाई की."

मालक म्हणजे तिचा वारलेला नवरा. आमच्याकडे जत्रेला वर्गणी दिली की भोंग्यावरून नाव पुकारतात, तसं तिला हवं होतं. ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण म्हातारी बाकावरून उठेना. शेवटी तिची समजूत पटावी म्हणून शिपायाला दुकानदाराचा फोन बघायला पाठवलं. पैसे गेले तो नंबर कॉलेजचा नव्हताच.

केंद्रातून त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मागवलं. अक्कलकोटकडच्या आमच्या हवालदाराला कानडी येत होती. त्याने कानडीचा अर्धा तास ऐकून त्यात सांगितलेला नंबर लिहून काढला; म्हातारीचे पैसे गेले तो हाच. तो एका बाईच्या खात्याला जोडलेला होता आणि ती बाई कानडीतून बोलणाऱ्या विद्यार्थ्याची आई निघाली.

पोराला चौकशीला बोलावलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"आईचं डायलिसिस हाय साहेब, आठवड्यातनं दोनदा. ती काय कॉलेजात न्हाई, मग तिच्यासाठी रेडिओवर कोण बोलणार?" मग मान खाली घालून म्हणाला, "खातं तेवढं बंद करू नका. आमचे सोताचे पैसे बी त्यातच हायत. त्याच्यावरच तिचं चाललंय."

आरोपी असं बोलतातच, हा माझा अनुभव. त्याच दुपारी खातं गोठवण्याचं पत्र बँकेला गेलं. लोकांकडून आलेली रक्कम तेवढी रोखा, असं एक वाक्य त्यात घालता आलं असतं. मी तयार नमुन्यावर सही केली.

मुलीचं ऑपरेशन झालं, ती बरी झाली. तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. खातं मोकळं करण्याचा न्यायालयाचा आदेश यायला मात्र दीड महिना लागला. त्याची प्रत घेऊन मी स्वतः भवानी पेठेत त्या पोराच्या घरी गेलो. तो जामिनावर सुटलेला होता. दार त्यानेच उघडलं. डोकं भादरलेलं होतं.

"परवा दहावा झाला," तो म्हणाला. "पैशावाचून चार खेपा चुकल्या तिच्या. आता काय करू ह्या कागदाचं?"

मी आदेशाची प्रत त्याच्या हातात दिली. पोच म्हणून सही मागितली, त्याने निमूट दिली.

त्याने गुन्हा केला होता, हे मी आजही म्हणतो. पण तो बोलला ते खरं होतं, आणि ते तपासायला मला बँकेत एक फोन पुरला असता. गुन्हेगार सांगतो त्यातलं खरं तपासणं हाही तपासच, हे मला फार उशिरा कळलं. माझं पत्र नियमात बसत होतं, त्यामुळे मला कोणी जाब विचारला नाही. पण त्या बाईच्या मरणात माझ्या सहीचा वाटा आहे, आणि तो मी कबूल करतो.