मान डोलावण्याचे मार्क

दोहाला निघाले तेव्हा विमानतळाच्या दाराशी आईने एकच गोष्ट बजावली. "मी फोनवर बोलत असले की हूं म्हणत जा गो. नायतर वाटतं लाइन तुटली." बाबा आधीपासून दोहाच्या नजमा भागात पाच जणांच्या खोलीत राहून एसी मेकॅनिकचं काम करत होते. मला तिथेच मेडिकलला प्रवेश मिळाला होता, मी हॉस्टेलवर गेले.

तिसऱ्या वर्षी कॉलेजने फॉर्म दिला: पेशंटशी बोलण्यापुरती अरबी कशी शिकायला आवडेल? वर्गात, वॉर्डात की मोबाइलवर? बहुतेकांनी मोबाइल निवडला, मीही. माझी लखनौची रूममेट म्हणाली, "फोन के सामने गलती करो, कोई हँसता नहीं."

प्रश्न पाठ झाले. कुठे दुखतं, कधीपासून, ताप आहे का. उच्चार इतके स्वच्छ की समोरून उत्तर भराभर यायचं आणि मला कळायचं नाही. मग मी मान डोलवायचे. संवादाच्या परीक्षेत रुग्णाचं ऐकताना मान डोलावण्याला मार्क असतात. मला पूर्ण मिळाले होते.

वॉर्डात समैस्मा गावची एक म्हातारी बाई होती. दुपारी मी तिला विचारलं, छातीत दुखतंय का? नाही म्हणाली. मग माझा हात धरून बराच वेळ बोलली. मी मान डोलावली. तिने पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा डोलावली. "शुक्रन," असे आभार मानून तिने हात सोडला. दुभाषी एका फोनवर आला असता. पण मग मला अरबी येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी मुलगा तिचं सामान न्यायला आला. शेजारच्या कॉटवरच्या बाईने त्याला सगळं सांगितलं होतं. आवाज न चढवता तो इंग्रजीत म्हणाला, "मला बोलवून घे, असं आईने तुला सांगितलं. दोनदा. तू हो म्हणालीस. मी घरीच होतो, अर्ध्या तासावर."

मी सॉरी म्हणाले. त्याने पिशवी उचलली.

त्या शुक्रवारी आई फोनवर विहिरीच्या पंपाचं काहीतरी सांगत होती.

"अगो, हूं तरी म्हण."

"आई, मघाचं कळलं नाय. परत सांग."

तिने पहिल्यापासून सांगितलं.

'कळलं नाही, परत सांग' हे वाक्य म्हणायला जिथे धीर लागत नाही, तेवढीच जागा आता मला घर वाटते. अरबीत ते मोबाइलवरच्या पहिल्याच धड्यात होतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी ते सोडून दिलं होतं.