सुईणबाईंचं सायकलवरचं रिव्हॉल्व्हर

फोनवर त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला सायकल चालवता येते ना?"

येते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग या शनिवारी."

त्यांनी विकायला काढलं होतं रिव्हॉल्व्हर, त्यामुळे मला हसू आलं. पण प्रश्न अगदी योग्य होता. ते रिव्हॉल्व्हर सायकलस्वारांचंच होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी युरोपात सायकली नव्या होत्या आणि गावोगावची कुत्री त्यांच्यामागे लागत. तेव्हा खिशात मावतील अशी छोटी रिव्हॉल्व्हरं खास सायकलवाल्यांसाठी निघाली होती. मला असं एक कधीपासून हवं होतं.

मी जर्मनीत, एश्बॉर्नला राहतो. आठवडाभर विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि फावल्या वेळात जुनी खिशातली रिव्हॉल्व्हरं जमवतो. पुण्यातल्या नातेवाइकांना बायको "जुनी यंत्रं जमवतात" एवढंच सांगते, आणि तेही खरंच आहे. गोळी झाडावी असं मला कधी वाटलं नाही. चक्र फिरून जागेवर बसताना जो बारीक 'टिक्' आवाज येतो ना, त्यावर माझा जीव. संग्राहकाचा परवाना मागायला गेलो तेव्हा आम्टमधल्या, म्हणजे सरकारी कचेरीतल्या, बाईंनी विचारलं होतं, "पण का?" मी त्यांना त्या 'टिक्'बद्दलच सांगत बसलो. परवाना मात्र मिळाला.

ऑक्टोबरचा शनिवार होता. हायडेलबर्गला उतरलो तेव्हा नदीवर धुकं होतं. पुलाच्या कमानी पाण्यात कुठे संपतात तेच दिसत नव्हतं. रिव्हॉल्व्हर विकणाऱ्या बाईंचं घर चढावर होतं. दम खात वर पोचलो तर त्या फाटकाशीच उभ्या, जाड लोकरी जाकिटात. निवृत्त शिक्षिका, वय ऐंशीच्या पुढे. हे मोठं घर सोडून त्या वृद्धांसाठीच्या लहान फ्लॅटमध्ये राहायला जाणार होत्या.

"हे माझ्या आजीचं," स्वयंपाकघरातल्या टेबलावर मऊ कापड उलगडत त्या म्हणाल्या. "आजी सुईण होती. डोंगरापलीकडच्या सगळ्या खेड्यांत सायकलवरून जायची. एका खिशात हे आणि दुसऱ्यात नाळ कापायची कात्री."

रिव्हॉल्व्हर माझ्या तळहातापेक्षा थोडंसंच मोठं होतं. पाच काडतुसांचं. खिशात अडकू नये म्हणून घोडा आत लपवलेला, चाप चाकूच्या पात्यासारखा दुमडणारा. निकेलचा मुलामा दस्त्याजवळ झिजून पिवळट झाला होता. त्या झिजेवर अंगठा ठेवला, तर तो बरोबर तिथेच बसला. क्षणभर वाटलं, हात माझा नाहीच. खाली ओली पायवाट पळतेय, दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं, आणि कुठल्यातरी खिडकीत दिवा ठेवून कुणीतरी वाट बघतंय.

"तुम्ही जाणकार आहात," बाई म्हणाल्या, तसा मी भानावर आलो. "मला एक सांगाल? आमच्याकडे याच्या दोन गोष्टी आहेत. मामा म्हणायचा, आजीनं यात कधी काडतूसच भरलं नाही. कुत्र्यांना ती सॉसेजचे तुकडे टाकायची. आई म्हणायची, एकदा तिनं कुत्रा मारला, आणि घरी येऊन दिवसभर रडली. खरं काय?"

मी चक्र बाहेर काढलं, खिडकीशी नेलं आणि भिंग लावलं. बाहेर धुकं विरत होतं, उजेड दुधासारखा पांढरा. काडतुसांची चार घरं आतून आरशासारखी लख्ख होती. पाचव्यात काळसर खड्डे पडले होते, देवीचे व्रण असावेत तसे बारीक. जुन्या काडतुसांमधल्या दारूची काजळी धातू खाते. गोळी झाडल्यावर लगेच साफ केलं नाही, तर असे डाग कायमचे राहतात.

सांगावं की नाही, कळेना. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"चार घरं कोरी आहेत," मी म्हटलं. "एकातून गोळी गेलेली दिसते. आणि नंतर ते कुणी पुसलेलं नाही."

त्यांनी भिंग मागून घेऊन स्वतः पाहिलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे असं तर. आई खरं बोलत होती." थोड्या वेळानं पुन्हा, "आजी घरातली प्रत्येक वस्तू घासूनपुसून ठेवायची. मग याला तिनं परत हातच लावला नसणार."

"तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवा," मी म्हटलं. "मी रिकाम्या हातानं जाईन."

"नाही, नाही. न्या. आता मला ते माहीत झालंय, आता ते जवळ नसलं तरी चालेल." मग त्या अचानक हसल्या. "कुत्र्यासाठी रडणारी सुईण. चांगली होती हो माझी आजी."

निघताना त्यांनी मला बागेतली डेलियाची फुलं दिली. जांभळी, बशीएवढी. कुलूपबंद पेटी मांडीवर आणि फुलं हातात, असा मी गाडीत बसलो. बाहेर कापलेली शेतं, मधूनच एखादा मनोरा. डोळा लागला. स्वप्नात आजी सायकलवरून माझ्या पुढे चालली होती, आणि तिच्या मागोमाग एक तपकिरी कुत्रा निवांत धावत होता. भुंकत नव्हता. मी हाक मारणार तोच एश्बॉर्न आलं.

त्या दिवसांत सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, आणि घरात नवरात्र चालू होतं. पेटी पाहून त्या दचकल्या. "अहो जावईबापू, घरात पोर आहे आणि तुम्ही बंदूक आणलीत?" मी त्यांना सुईणबाईंची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "उद्या खंडेनवमी आहे. शस्त्राची पूजा करतात. बाहेर काढा, मी बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटावर कापड अंथरून रिव्हॉल्व्हर ठेवलं. कुंकवानं निकेल खराब होईल म्हणून मी घाबरलो, तर त्यांनी कुंकू कापडावरच लावलं. शेजारी डेलियाचं फूल वाहिलं. लेकीनं जर्मनमध्ये विचारलं, "आजी, त्या सुईणबाईंनी यानं कुणाला मारलं?"

सासूबाईंना प्रश्न कळला नाही. मी मराठीत सांगितला. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मारलं असेल एका मुक्या जिवाला. पण पोरं किती जगात आणली असतील तिनं, ते विचार तिला." मग मी रिव्हॉल्व्हर तिजोरीत ठेवलं, आणि हायडेलबर्गच्या बाईंना फोन लावून पूजेचं सांगितलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "कापडाचा रंग कोणता होता? नीट सांगा, मला बघायचंय." मी डोळे मिटले आणि सांगू लागलो.