वंदनाचा धडा

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही—नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते. पण आधी ‘पुट अप विथ’बद्दल बोलू द्या, राहवत नाही मला! सुरतेत, लिंबायतच्या आमच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात दर बॅचला हे शिकवताना मी अजूनही खुर्चीवरून उठते.

तीन चिमुकले शब्द, आणि अर्थ काय—चालवून घेणं! आवडत नाही, तरी निभावून नेणं. शेजारच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट? वी पुट अप विथ इट. नळाला करंगळीएवढी धार? वी पुट अप विथ इट. पण मालकाची शिवी? आय वोन्ट पुट अप विथ इट! इथे मुली टाळ्याच वाजवतात. किती चपखल आहे, नाही?

ही वाक्यं माझी नाहीत.

वंदनाची आहेत. माझी शेजारीण, धुळ्याकडची. आम्ही दोघी ओट्यावर बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचो. मोबाइलवर इंग्रजीचे धडे ऐकत ती साडीच्या पुठ्ठ्यावर वाक्यं लिहायची, मला वाचून दाखवायची. क्लासात शिकवायला एक बाई हवी आहे, हे तिनेच शोधून काढलं. एकटीने जायची धाकधूक, म्हणून मला सोबत नेलं. तिथे फॉर्म मीही भरला—सहज, गंमत म्हणून. सहज? छे. मला ती नोकरी हवी होती.

क्लास चालवणाऱ्या सरांनी दोघींना समोर बसवलं. दहा मिनिटं काहीही शिकवा म्हणाले, आणि आधी माझं नाव घेतलं. माझी तयारी—शून्य. वंदनाची मात्र आठवडाभर चालली होती, आणि रोज मीच ऐकत होते ना! मी फळ्याशी गेले आणि लूम, नळ, मालक—सगळं धडाधड शिकवून टाकलं. काय रंगलं होतं ते! सर खूश. उदाहरणं कुणाची, म्हणून विचारलं.

“माझीच,” मी म्हणाले. वंदनाकडे न बघता.

मग तिला बोलावलं. ती उठली नाही. हातातला पुठ्ठा तिने पिशवीत सरकवला.

“नाही सर, मी हिच्या सोबतीला आलेय.”

तेव्हा तरी मी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं. आणि त्या क्षणी मला लाज वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. बरं वाटलं—आता नोकरी माझीच होती.