मावशीच्या दुकानातला वळणारा कॅमेरा

माझी मावशी शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. अख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापं तिच्याकडे, आणि तोंडाला कुलूप! कुणाची कंबर किती वाढली, हे तिनं मलासुद्धा कधी सांगितलं नाही. मी काय कमी खोदून विचारलंय?

मावसभाऊ परगावी. आई एकटी असते म्हणून त्यानं खोलीत कॅमेरा बसवून दिला. मान वळवणारा, त्याच्या मोबाइलवर सगळं दाखवणारा. मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं, "तोंड दाराकडे. पडद्याकडे वळवलंस तर याद राख!" पडद्यामागे ती मापं घेते ना, आणि कॅमेऱ्याला उंचावरून आतलं सगळं दिसलं असतं.

त्या दुपारी शाळेतल्या बाई माप देऊन नुकत्याच गेल्या होत्या. मी काजं करत बसले होते. सहज वर बघितलं तर काय, कॅमेरा पडद्याकडे! मावशीचा पाराच चढला. तिनं लेकाला फोन लावला, "वळवलास ना मेल्या?"

"आई, शपथ! मी हातसुद्धा लावला नाही."

तो हे बोलतोय तोवर कॅमेरा हळूच वळला. थेट आमच्याकडे! मावशीनं कात्री उगारली, "कोण आहेस रे मुडद्या?" आणि वायरच उपटली.

मावसभावाची बोबडी वळली. खोक्यातून आला तोच पासवर्ड त्यानं ठेवला होता. तसले पासवर्ड म्हणे इंटरनेटवर कुणालाही सापडतात. "आत्ता बदलतो, आई. पण कुणाला सांगू नकोस, गिऱ्हाइकं तुटतील."

"तुटू देत! अंग त्यांचं आहे, तुझं नाही," म्हणत मावशीनं चपला घातल्या.

आम्ही घरोघर गेलो. मला तर लढाईवर निघाल्यासारखं वाटत होतं! कुणी शिव्या घातल्या, कुणी कापड परत मागितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिथं मात्र मावशी पायरीवर मटकन बसली. "बाई आता यायच्या नाहीत," म्हणाली.

बरेच दिवस मशीन गप्प. मग एका सकाळी दारात बाई! त्या तडक पडद्यामागे गेल्या, स्टूल ओढून वर चढल्या आणि भिंतीचे कोपरे, दिव्याची मागची बाजू, सगळं चाचपायला लागल्या. मला वाटलं, मावशी आता भडकणार. तिनं पुढं होऊन स्टूल धरलं. "घड्याळामागेही बघा," एवढंच म्हणाली.

बाईंनी बघितलं. खाली उतरल्या, हात झटकले, आणि माप घ्यायला दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.