आबांचा उलटा वॉल

नांदेडला आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं. त्या सकाळी पिंपात नळी सोडून मी उभी होते आणि माझ्या धाकट्या भावाचा, बालाजीचा, फोन आला. "ताई, आबा गेले..." एवढंच म्हणाला. मी पर्स घेतली, शेजारणीला किल्ली दिली आणि बसस्टँड गाठलं. बसनं लोहा गाव ओलांडल्यावर आठवलं, नळ चालूच राहिलाय. उभ्या जन्मात मी नळ उघडा सोडून घराबाहेर पडले नव्हते. गावाकडं पोचल्यावर आबांनी पहिलं तेच विचारलं असतं, असं मनात आलं आणि मग बसमध्येच रडू आलं. त्याला आता दीड महिना झाला. आमचे आबा, नाव किशन, नगरपालिकेत वॉलमन होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कधी बंद करायचं, हे काम त्यांचं. गावाचं नाव लिहीत नाही. तेव्हाच्या ऑफिसातली काही माणसं हयात आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

नोकरी लागायच्या आधी आबा कावडीनं पाणी वाहायचे. बाजारपेठेतल्या घरांचे रांजण भरायचे आणि आमच्या घरचे घडे सगळ्यात शेवटी, तेही झऱ्यात उरलं तर. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी असायची. ती तव्यावर टिकत नसे, तुकडे व्हायचे. माय ते तुकडे ताटलीत कुस्करून वर मीठ-तिखट घालायची आणि म्हणायची, आज मुद्दाम असं केलंय. आम्हाला ते खरं वाटायचं. त्याच दुष्काळात गावात नळाची नवी लाइन आली आणि आबा चर खणायला रोजंदारीवर गेले. सगळ्या गावाचा चर खणलेला माणूस, पाइप कुठं वळलाय, जोड कुठं आहे, सगळं पाठ. म्हणून काम संपल्यावर नगरपालिकेनं त्यांनाच वॉलवर ठेवलं. कायम व्हायला पुढं कितीतरी वर्षं गेली. कायम झाल्याचा कागद आला तेव्हा तो वाचता येणारी घरात मी एकटीच होते. मी तो चार वेळा वाचला... दर वेळी आबा म्हणायचे, पुन्हा एकदा.

त्यांची चावी म्हणजे छातीइतक्या उंचीची लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. ती खांद्यावर टाकून ते निघाले की बायका घागरी मांडायला लागायच्या. सुट्टीत मी त्यांच्या मागं जायची. गावातले सगळे वॉल डावीकडे फिरवले की उघडायचे. एक मात्र नाही. महादेवाच्या देवळामागचा वॉल निजामाच्या काळातल्या लाइनवरचा होता, तो उजवीकडे फिरवला की उघडायचा. अर्ध्या गावाचं पाणी त्याच्यावर. आबा त्याला 'उलटा' म्हणायचे, जसं एखाद्या हट्टी बैलाला नाव ठेवावं तसं. मी मॅट्रिकला असताना ऑफिसनं सगळ्या वॉलची यादी मागितली. आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. रेघा मारून, रकाने पाडून, अनुक्रमांक घालून. यादी देवळामागच्या वॉलपाशी आली तेव्हा आबा म्हणाले, "हितं लिही, उलटा हाय." मला ते सरकारी कागदावर शोभेना. शेरा म्हणून रकाना नव्हता आणि 'उलटा' हा शब्द गावंढळ वाटला. मी हो म्हणून मान हलवली, आणि लिहिलं नाही. यादी ऑफिसातल्या हेडक्लार्कनं, बडेबाबूंनी, पाहिली आणि म्हणाले, पोरीचं अक्षर छापल्यासारखं आहे. आबांनी हे वाक्य गल्लीत किती जणांना सांगितलं याची गणती नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. नवा नवा जिल्हा, ऑफिसांच्या पाट्यांवर 'लातूर' रंगवलेलं आणि त्याखाली 'उस्मानाबाद' अजून दिसायचं. वाणी वीरभद्रप्पा दुकानाच्या ओट्यावर बसून म्हणायचे, आता काय, जिल्हा आपला झाला, नळाला दूध येतंय बघा. दूध राहिलं बाजूला, पाणीही जायला लागलं. लागोपाठ पाऊस हुकला, तळ्याच्या तळाला भेगा दिसायला लागल्या, चार दिवसांतून एकदा अर्धा तास नळ. मी तेव्हा लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातनं कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी तेव्हाही कुणाला सांगितल्याशिवाय राहत नसे. अशात नगरपालिकेनं ठरवलं की वसुली नाही, तिजोरीत काही नाही, तेव्हा खालच्या कामगारांच्या पगारातला चौथा हिस्सा कापायचा. वॉलमन, झाडूवाले, दिवाबत्तीवाले. साहेब लोकांचा नाही. दोन महिने कापला. तिसऱ्या महिन्यात सगळे संपावर गेले आणि नगरपालिकेसमोर मांडव टाकून बसले.

गाव त्यांच्या बाजूनं नव्हतं, हे मला स्पष्ट लिहायला पाहिजे. निम्मं गाव रोजगार हमीवर खडी फोडत होतं. त्यांना वाटायचं, ह्यांना घरबसल्या बांधलेला पगार, तरी ह्यांचं रडणं संपत नाही. वीरभद्रप्पांच्या ओट्यावर रोज तोच विषय. टँकरवर भांडणं व्हायची आणि शिव्या मांडवातल्या माणसांना पडायच्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या हलिमाबी रिकामा घडा घेऊन मांडवासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "क्या मामू, हमारे घड़े सूखे, और तुमकू पगार होना?" आबांनी मान खाली घातली म्हणे. पाणी बंद ठेवणं त्यांना मनातनं पटलेलं नव्हतं, पण सगळ्यांनी मिळून ठरवलं ते त्यांनी मोडलं नाही.

आणि मी? मीही गावासारखीच बोलले. कॉलेजात आमच्या सरांनी वर्गात विचारलं होतं, दुष्काळात संप करणारे नोकर देशाचे, की पगाराचे? सगळे हसले. माझे वडील त्यांतलेच आहेत हे मी सांगितलं नाही. सुट्टीला घरी आले आणि जेवताना बोलून गेले, "आबा, लोक उन्हात खडी फोडतायत आणि तुम्ही बांधल्या पगारासाठी सावलीत बसता. मला कॉलेजात मान खाली घालावी लागते." आबांनी घास खाली ठेवला. "बारा म्हैने पानी सोडलं तवा किशन कोन हाय कुनी इचारलं न्हाई. चार दिस न्हाई सोडलं तर सगळ्यायला नाव पाठ झालं." मग म्हणाले, "तुझं कालेज त्याच बांधल्या पगारावर चालून राहिलंय. ते बी सांग की तिथं." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं...

दोन दिवसांनी ऑफिसनं बाहेरून माणसं आणली. हातात माझ्या अक्षरातली यादी आणि स्टोअरमधली जादा चावी. बाकीचे वॉल त्यांनी बरोबर उघडले. देवळामागचा मात्र ते डावीकडे फिरवत बसले. तो बंदच होता, आणखी बंद कसा होणार? त्यांना वाटलं, गंजलाय. चावीला पाइप अडकवून तिघांनी जोर लावला आणि आतली दांडी मोडली. अर्धं गाव कोरडंच राहिलं. तासाभरात बोंब उठली, संपवाल्यांनी वॉल बिघडवून ठेवला. तो वॉल उलटा आहे हे मांडवातनं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मुख्याधिकारी स्वतः मांडवासमोर आले, आबांना उभं केलं आणि यादी फडकवत म्हणाले, ह्यात कुठं लिहिलंय की हा उलटा फिरतो? मुद्दाम लपवलंत. नोकरीवरनं काढू, वर पोलिसात देऊ. गर्दी जमली होती. मी गर्दीत होते. यादी मला लांबूनही ओळखू आली. मी पुढच्या माणसाच्या मागं सरकले.

आबांनी यादीकडं पाहिलं. मग साहेबांकडं. "माझी चूक हाय साहेब," म्हणाले.

बाकीचे संपवाले त्यांना म्हणत होते, आता दुरुस्तीला जाऊ नको, गेलास तर संप मोडला. कुणी म्हणालं, जायचंच तर तांबडं फुटायच्या आधी जा, कुणाला दिसणार नाही. आबा म्हणाले, "चोरावानी न्हाई जानार. बाराच्या उन्हात जाईन, समद्या गावाला दिसंल असा." आणि तसेच गेले. दंडाला संपाची काळी फीत, खांद्यावर चावी. टाकीजवळचा मोठा वॉल बंद केला, देवळामागचा खड्डा मोकळा केला, वरचं टोपण खोललं आणि मोडक्या दांडीसकट आतली पितळी झडप उचलून बाहेर काढली, म्हणजे आता तो वॉल उघडाच राहणार. दगड तापून पाय ठेववत नव्हता. बायका भिंतीच्या सावलीला उभ्या राहून बघत होत्या. टोपण बसवून आबांनी टाकीचं पाणी सोडलं आणि पहिला आवाज हलिमाबींच्या घरातनं आला, रिकाम्या घड्यात धार पडल्याचा. बडेबाबू हजेरीचं मस्टर घेऊन तिथंच आले होते. साहेबांचा निरोप, सही करा, कामावर हजर झालात असं धरू, वॉलचं प्रकरण मिटवू. आबांनी हात धोतराला पुसले. "काम केलंय. सही न्हाई करत. संप चालू हाय." आणि चावी खांद्यावर टाकून परत मांडवात जाऊन बसले.

दिवस मावळताना मी मांडवात त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, आबा, 'उलटा' मीच लिहिलं नव्हतं. म्हणाले, ठाव हाय. मग साहेबांना का नाही सांगितलं? आबा पायाचा अंगठा चोळायला लागले. "बडेबाबू हुबे व्हते तिथं. त्यायनीच तुझं अक्षर चांगलं म्हनलं व्हतं... त्यायच्यापुढं कसं सांगू?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी नगरपालिकेत गेले. बडेबाबूंना म्हटलं, यादी द्या. पाणीपट्टीच्या तक्रारीला आलेले वीरभद्रप्पा खिडकीशी उभे होते, आणखी पाच-सात माणसं होती. मी यादीच्या खाली माझ्या त्याच छापील अक्षरात लिहिलं: देवळामागचा वॉल उलटा आहे, उजवीकडे फिरवल्यास उघडतो. वडिलांनी हे सांगितलं होतं, लिहायचं मी टाळलं, चूक माझी आहे. खाली नाव, त्यापुढं 'बी.ए. भाग दोन', आणि सही. बडेबाबूंनी ते मोठ्यानं वाचलं. वीरभद्रप्पा म्हणाले, काय गं, एवढं शिकून हे केलंस? मी म्हटलं, हाव अप्पा, शिकले म्हणूनच केलं. कुणी हसलं नाही. अप्पाच जरा वेळानं म्हणाले, मग त्या माणसाचा पगार कापून काय मिळवलं ह्या लोकांनी? त्याच्याशिवाय नळ उघडंना.

गावाचं मत एका दिवसात फिरलं असं मी म्हणणार नाही. खडी फोडणाऱ्यांचा राग उरलाच, आणि तोही अगदी खोटा नव्हता. पण त्यानंतर मांडवाला कुणी शिव्या दिल्या नाहीत. हलिमाबी रोज दुपारी एक घडा आणून ठेवायच्या, "पियो मामू" म्हणून. आणि गल्लीतल्या बायका सह्या-अंगठे घेऊन साहेबांकडं गेल्या, की कापायचं तर सगळ्यांचं कापा, नाहीतर कुणाचंच नको. त्या कागदाचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला होता. त्यात मी एकही शब्द गाळला नाही.

आता गावात नवी लाइन आहे, पाणी बटणावर सुटतं म्हणे. आबांची चावी मात्र घरात दाराच्या मागं उभी आहे. मूठ जिथं धरायचे तिथं लोखंड चांदीसारखं गुळगुळीत झालंय, बाकी सगळी गंजलीय. तेराव्यानंतर बालाजीनं विचारलं, ताई, हिचं काय करायचं? मी म्हटलं, राहू दे. मी ती उचलून पाहिली, अजून मला पेलत नाही.

संप अठरा दिवस चालला. वॉलची चौकशी यादीवरच्या माझ्या सहीनंतर बंद झाली. पगारकपात रद्द झाली, कापलेला पगार सगळ्या कामगारांना परत मिळाला आणि आबा त्याच चावीनं निवृत्तीपर्यंत पाणी सोडत राहिले. पुढच्या वर्षी मी बी.ए. झाले.