वाळूतला गोल्फ

काल गॅरेजच्या दारात जुन्या ऑइलचा वास आला आणि चितेगावजवळचं ते माळरान आठवलं. दुष्काळाची वर्षं होती. शहर वाढत होतं, नळ मात्र कोरडे होते. बाबा गेल्यापासून आई घराबाहेर पडत नव्हती. एका रविवारी दादा तिला बळंच गोल्फ खेळायला घेऊन गेला. मीही गेले.

कुणालाही परवडेल असं साधं मैदान होतं ते. गवत नावालाही नव्हतं. चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्याभोवती गवताऐवजी, वाऱ्यानं उडू नये म्हणून जुनं ऑइल कालवलेली काळी वाळू पसरली होती. आईनं पदर खोचला, काठी धरली. पहिले फटके हवेतच गेले. मग एक चेंडू पार बाभळीपर्यंत पोचला.

"लागला की गं," ती हळूच म्हणाली.

"दमलीस का? जाऊ घरी?" दादानं विचारलं.

"नाय. तिकडं अजून खळगे हायेत ना?"

आणि ती भर उन्हात आमच्या पुढं चालू लागली.

तेव्हा वाटलं, खेळात तिचं मन रमलं. आज तिच्या तेव्हाच्या वयाला आल्यावर वाटतं, आता घरात बसून राहायचं नाही, हे तिनं तिथं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी आम्ही उठायच्या आत ती बूट घालून अंगणात उभी होती.